न कुजणारा धागा

उन्हाळा लागून वैनगंगेच्या पात्रात वाळूची बेटे उघडी पडू लागली, म्हणजे आरमोरीच्या आसमंतात पाखरांच्या घरबांधणीला वेग येतो. कावळा वाळक्या काटक्या वेचतो. बुलबुल बारीक मुळ्या आणि गवताच्या काड्या गोळा करतो. शिंजिराची मादी कोळ्याच्या जाळ्याने सालपटे व पानांचे तुकडे चिकटवून आपली लोंबती पिशवी तयार करते. पुढे पावसाच्या सरी येऊन बांध्यांत धान हिरवे झाले, की सुगरण पक्षी त्याच्या पात्यांच्या लांब चिरफळ्या काढतो आणि शिंदीच्या झाडावर आपले प्रसिद्ध विणकाम मांडतो. ह्या सर्व कारागिरांत एक गोष्ट समान आहे. सामानासाठी त्यांपैकी कोणीही दूरदेशी जात नाही. जे जवळ असेल, मुबलक असेल, चोचीत मावेल आणि काडीत काडी अडकवील, तेच उचलावयाचे, हा पाखरांचा सनातन व्यवहार होय. म्हणून घरटे उलगडून पाहिले असता त्या परिसरात काय काय पडलेले असते, त्याची जणू एक यादीच हाती येते.

ह्या यादीत गेल्या काही दशकांत एका नव्या जिनसाची भर पडली आहे. वस्तीजवळच्या घरट्यांत आता सुतळीच्या जोडीला प्लॅस्टिकच्या पट्ट्या, पोत्यांचे सुटलेले पांढरे धागे, मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे आणि पतंगांचा मांजा सापडू लागला आहे. भारतात कोठेही आता हे नवल राहिलेले नाही. वरवर पाहता यात खंत करण्यासारखे काही दिसत नाही. पाखराला आयते सामान मिळाले, एवढेच वाटते. परंतु ह्या आयत्या सामानाचा खरा परिणाम जगातल्या समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींत दिसून आला आहे, आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या आरमोरीसारख्या गावाचाही त्याच्याशी संबंध पोचतो. तो कसा, हे पाहू.

प्रथम पाखराची दृष्टी समजून घेतली पाहिजे. घरटे बांधणारा पक्षी पदार्थाची जात ओळखत नाही. तो केवळ गुण पारखतो. वस्तू लांब आहे का, लवचीक आहे का, हलकी आहे का, एवढेच तो पाहतो. लक्षावधी वर्षे निसर्गात ह्या गुणांची जी जी वस्तू सापडे, ती गवताची, सालीची, मुळीची किंवा केसाची असे, आणि ती निर्धोकही असे. त्यामुळे वस्तूचा विषारीपणा वा अभंगपणा ओळखण्याची शक्ती अंगी येण्याचे पाखराला कधी कारणच पडले नाही. मुंबईच्या एका कावळ्याची हकिकत जुन्या पक्षिवेत्त्यांनी मोठ्या चवीने सांगितली आहे. ह्या कावळ्याने म्हणे चष्म्याच्या दुकानातून धातूच्या चौकटी पळवून त्यांचेच घरटे रचले होते. त्या काळी अशी गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाई. आज तिच्याकडे पाहिले म्हणजे पाखराच्या स्वभावाचे मर्मच त्या गमतीत सामावलेले आहे, असे दिसते.

आता पदार्थाच्या जातीचा विचार करू. त्यासाठी आरमोरीहून अधिक सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल, कारण हे गाव धाग्याशी जोडलेले आहे. ह्या भागात ऐन आणि अर्जुन ह्या झाडांवर टसर रेशमाचे किडे पोसून कोसा काढण्याचा व्यवसाय पूर्वापार चालत आला असून ढिवर समाजाची अनेक कुटुंबे त्यात गुंतलेली आहेत. किड्याने स्वतःभोवती विणलेला हा कोश प्रथिनांचा बनलेला असतो. त्याचा धागा चिवट खरा, परंतु जमिनीवर पडला असता बुरशी आणि सूक्ष्म जंतू त्यावर उपजीविका करतात आणि यथाकाल तो मातीत मिसळतो. अंबाडीचा दोर, तागाची सुतळी, कापसाचे सूत, धानाची तणस ह्या सर्वांची गती तीच.

ह्याच रेशमाला पर्याय शोधण्याच्या खटपटीतून 1935 मध्ये अमेरिकेत वॉलेस करोथर्स ह्या रसायनशास्त्रज्ञाने नायलॉन निर्माण केले. त्याच्या दोन वर्षे आधी, 1933 मध्ये, इंग्लंडमध्ये पॉलिथीनचा शोध लागला होता, आणि 1954 मध्ये पॉलिप्रोपिलीन आले. आजचे दोर, पोती, पिशव्या आणि जाळी प्रामुख्याने ह्या तीन पदार्थांची असतात. ह्या पदार्थांनी कष्टकऱ्यांचे जीवन सुकर केले, हे नाकारून चालणार नाही. सुती किंवा तागाचे जाळे कोळ्याला वरचेवर वाळवावे लागे, त्याला राळ किंवा कात लावावा लागे, आणि तरीही ते कुजे. नायलॉनचे जाळे हलके, बारीक आणि टिकाऊ निघाले. जो ढिवर कोसा काढतो, तोच तलावावर नायलॉनचे जाळे टाकतो, आणि त्यात त्याचा काडीमात्र दोष नाही. तथापि जाळ्याचा जो गुण, तोच ते फाटून टाकून दिल्यानंतर दोष ठरतो. जंतूंना हे पदार्थ सहसा पचत नाहीत. ऊन त्यांना ठिसूळ करते, त्यांचे तुकडे पाडते आणि तुकड्यांचेही तुकडे करते. परंतु तुकडा होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे.

येथे आणखी एक भौतिक सूत्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पॉलिथीन आणि पॉलिप्रोपिलीन पाण्याहून हलके असल्यामुळे ते तरंगतात. नायलॉन पाण्याहून जड असल्यामुळे ते तळाशी जाते, किंवा काठच्या झुडपांत अडकून बसते. अर्थात प्रवाहाबरोबर दूरवर जाणारा केर मुख्यत्वेकरून पहिल्या दोन जातींचा, आणि समुद्राच्या पृष्ठावरून सामान वेचणाऱ्या पाखरांच्या चोचीत पडणाराही तोच.

अशा पाखरांत गॅनेट हा अग्रगण्य होय. शुभ्र देह, पिवळसर मस्तक, पंखांची काळी टोके आणि टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ सहा फूट पसरणारे पंख असा हा उत्तर अटलांटिकमधील देखणा पक्षी उंचावरून बाणासारखा पाण्यात सूर मारून मासे पकडतो. त्याचाच आप्त असलेला बूबी पक्षी कधीकधी पावसाळी वादळात सापडून थकलेल्या अवस्थेत कोकणच्या किनाऱ्यावर येऊन पडतो, त्यामुळे महाराष्ट्रालाही हे कूळ अगदीच अपरिचित नाही. गॅनेटचे घरटे म्हणजे समुद्रशेवाळ, गवत आणि विष्ठा यांचा थापलेला ढीग. वर्षानुवर्षे तेच घरटे वापरले जाते आणि दर हंगामाला त्यावर नवा थर चढतो. समुद्रावर तरंगणारा हिरवा किंवा निळा दोर त्याला शेवाळाच्या लांब पट्टीसारखा वाटत असला पाहिजे. तो आवडीने उचलून आणला जातो.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे ग्रासहोम नावाचे एक चिमुकले खडकाळ बेट आहे. 1947 पासून ते ब्रिटनमधील पक्षिसंरक्षण संस्थेच्या मालकीचे असून 2011 च्या सुमारास त्यावर सुमारे 40 हजार गॅनेट जोडप्यांची वसाहत होती. तेथील घरट्यांची तपासणी करून 2011 मध्ये शास्त्रज्ञांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकेका घरट्यात सरासरी सुमारे 470 ग्रॅम प्लॅस्टिक आढळले, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो. त्यावरून संपूर्ण वसाहतीत 18 टनांहून अधिक प्लॅस्टिक साठले असावे, असा अंदाज निघाला. त्यातला बहुतेक भाग कृत्रिम दोरांचा होता. जेथे माणसाची वस्ती नाही, बाजार नाही, कारखाना नाही, अशा एका खडकावर मालमोटारी भरून नेण्याइतका माणसाचा केर पाखरांनी एकेका चोचीने वाहून आणला होता.

ह्या केराने होते काय? गॅनेटची मादी एकच अंडे घालते, आणि पिल्लू सुमारे तीन महिने घरट्यातच वाढते. ह्या काळात ते फिरते, वळते, पंख फडफडवून पाहते. घरट्यातला दोर त्याच्या पायाभोवती किंवा पंखाभोवती एक वेढा घेतो. गवताचा वेढा असता तर तो ओढीने तुटला असता किंवा ओलीने कुजून गेला असता. हा वेढा मात्र तुटतही नाही आणि कुजतही नाही. पिल्लू जसजसे वाढते, तसतसा तो मांसात रुतत जातो. अखेर घरट्यातून निघून समुद्राकडे झेपावण्याचा दिवस उगवतो, तेव्हा इतर पिल्ले निघून जातात आणि हे बापडे आपल्याच घराला जखडलेले राहते. ग्रासहोमवर आठ वर्षांच्या निरीक्षणात असे 525 पक्षी अडकलेले दिसले. त्यांतली बहुसंख्य पिल्ले होती. हंगाम संपला, की पक्षिसंरक्षण संस्थेची माणसे बेटावर उतरतात आणि जिवंत सापडतील त्यांचे पाश कापून त्यांना मोकळे करतात. हे काम दयेचे खरेच. परंतु पुढील वर्षी पुन्हा तेच करावे लागते.

ही स्थिती एकाच बेटाची नव्हे. डेन्मार्कमधील एका कड्यावर किटीवेक जातीच्या कुरव पक्ष्यांच्या घरट्यांची दोनदा पाहणी झाली. 1992 मध्ये शंभरांतील सुमारे 39 घरट्यांत प्लॅस्टिक होते. 2005 मध्ये हा आकडा 57 वर गेला. घरट्याखेरीज पोटाची गोष्ट निराळीच. पॅसिफिकमधील मिडवे बेटावर अल्बट्रॉस पक्षी आपल्या पिल्लांना समुद्रावरून आणलेला घास भरवतात, आणि त्या घासात बाटल्यांची झाकणे व रंगीत तुकडे असतात. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 1962 ते 2012 ह्या पन्नास वर्षांतील संशोधने एकत्र करून पाहिली, तेव्हा तपासलेल्या समुद्रपक्ष्यांच्या जातींपैकी शेकडा 59 जातींच्या पोटात प्लॅस्टिक सापडल्याचे दिसून आले.

येथवर ऐकून सुज्ञ श्रोता सहज म्हणेल, की हे सारे समुद्राचे झाले. आरमोरी तर अरण्यप्रदेशातील गाव. तिचा समुद्राशी काय संबंध? ह्या प्रश्नाचे उत्तर गावाच्या पश्चिमेला वाहणाऱ्या नदीपाशी आहे. ब्रह्मपुरीकडून येताना जी ओलांडावी लागते, ती वैनगंगा मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाट, भंडारा ओलांडून चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांच्या सीमेवरून दक्षिणेस जाते. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. सिरोंचापाशी प्राणहिता गोदावरीत विलीन होते. तेथून गोदावरी तेलंगण आणि आंध्र ओलांडते, राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरम् बंधाऱ्यानंतर तिला फाटे फुटतात, आणि ती बंगालच्या उपसागरास मिळते. तात्पर्य, आरमोरीच्या ओढ्यानाल्यांत पडलेल्या तरंगत्या वस्तूला समुद्रापर्यंतचा मार्ग मोकळा आहे. मार्गात बंधारे आहेत, वाळूची बेटे आहेत, काठची झाडी आहे; पुष्कळसा केर तेथेच अडकून राहतो. म्हणून आरमोरीची प्रत्येक पिशवी समुद्रात जाते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिताप्रमाणे जगातील नद्या दर वर्षी 8 लाख ते 27 लाख टन प्लॅस्टिक समुद्रात लोटतात, आणि त्यातील शेकडा 80 भागाचे धनी एक हजारांहून अधिक नद्या आहेत. म्हणजे दोषाचे माप चारदोन महानद्यांच्या पदरात घालून इतरांना मोकळे होता येत नाही.

जो केर वाटेत अडकतो, तोही निरुपद्रवी ठरत नाही. कारण त्या वाटेवरही पाखरे घर करतात. वैनगंगेसारख्या नद्यांच्या वाळूवर नदी सुरय आणि टिटवी उघड्यावरच अंडी घालतात, आणि काठच्या झाडांवर घार व कावळा आपले माचे रचतात. घरट्यातील धाग्याचा परिणाम जमिनीवरील पाखरांना कितपत भोगावा लागतो, याचे एक चांगले मोजमाप कॅलिफोर्नियातील कावळ्यांवर झालेले असून ते 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरांतील 85 घरट्यांत मानवनिर्मित वस्तू होत्या, आणि तपासलेल्या 195 पिल्लांपैकी 11 पिल्ले त्यांत गुरफटलेली आढळली. त्या अभ्यासातील दोन गोष्टी ग्रामीण भागाने विशेष लक्षात घ्याव्यात. एक, धागा जितका लांब, तितका धोका अधिक. दुसरी, शहरापेक्षा शेतीच्या प्रदेशातील घरट्यांत धागे अधिक लांब होते, कारण शेतावर पेंढ्या बांधण्याचे दोर पडलेले असतात. धानाची पोती, खताच्या पिशव्या आणि नायलॉनच्या दोऱ्या वापरणाऱ्या झाडीपट्टीला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

निसर्गाचा व्यवहार एकेरी नसतो, हेही येथे सांगितले पाहिजे. स्पेनमधील घारी आपल्या घरट्याला पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी सजवतात. भारतातील घार हीही त्याच जातीची. ही सजावट म्हणजे आपल्या सामर्थ्याची जाहिरात असून बलवान जोडपीच ती विशेष करतात, आणि इतर घारी अशा घरट्याच्या वाटेला कमी जातात, असे 2011 मध्ये दाखवून देण्यात आले. मेक्सिको शहरातील चिमण्या सिगारेटची थोटके घरट्यात आणतात आणि तंबाखूच्या अर्कामुळे त्यांच्या घरट्यांत किडे कमी होतात, हे 2013 मध्ये आढळले. परंतु त्याच संशोधकांनी पुढे पाहिले, तो थोटकांच्या विषाने त्याच पाखरांच्या रक्तपेशींना इजा पोचत असल्याचेही दिसून आले. पाखरू नव्या वस्तूचा उपयोग करून घेते, यात त्याची चतुराई दिसते. तथापि त्या चतुराईची किंमत कधी आणि कोणी द्यावयाची, हे त्याच्या हाती नसते.

घरटे ही परिसराची यादी असते, असे आरंभी म्हटले. ॲमस्टरडॅम शहराच्या कालव्यांतील एका पाहणीने ती यादी दिनांकांसह वाचून दाखवली. आपल्याकडे हिवाळ्यात तलावांवर दिसणारा, कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरी पक्षी तेथेही घरटी करतो. त्याचे घरटे पाणवनस्पतींचे असल्यामुळे एरव्ही वर्षभरात कुजून जाते. परंतु शहरात ते प्लॅस्टिकचे होऊ लागले, त्यामुळे टिकू लागले आणि थरावर थर चढू लागले. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या पाहणीत एका घरट्याच्या वरच्या थरात करोनाच्या साथीतील मुखपट्ट्या होत्या, आणि अगदी तळाशी 1994 च्या फुटबॉल विश्वचषकाची जाहिरात असलेले खाऊचे वेष्टन होते. ज्याने तो खाऊ खाल्ला, तो घटकाभरात ते विसरला असेल. पाखरांच्या पिढ्यान्‌पिढ्या मात्र त्या वेष्टनावर अंडी उबवून गेल्या.

यावर उपाय आहे काय? आहे, आणि तो अनुभवाने सिद्ध झालेला आहे. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर गॅनेटच्या घरट्यांत मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे मोठ्या प्रमाणात सापडत. 1992 मध्ये कॉड माशांची संख्या अतोनात घटल्यामुळे सरकारने त्यांची मासेमारी बंद केली, आणि समुद्रात पसरली जाणारी जाळी एकाएकी कमी झाली. त्यानंतर अशा तुकड्यांनी भरलेल्या घरट्यांचे प्रमाणही घटले, हे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. पाखरांना कोणी काही शिकवले नव्हते, घरटीही कोणी साफ केली नव्हती. पाण्यावर दोर कमी झाले, तेव्हा ते घरट्यांतही कमी झाले. हा दाखला मोठा आश्वासक आहे, कारण केर थांबवण्याचे फळ दृष्टीस पडण्यासाठी शतकभर वाट पाहावी लागत नाही, हे त्यावरून कळते.

कायद्याने आपले काम आरंभले आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2017 मध्ये नायलॉनच्या मांजावर बंदी घातली. महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या व थर्माकोलच्या ताटवाट्या यांवर निर्बंध आणले. आणि 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून टाकावयाच्या अनेक वस्तू देशभर वर्ज्य ठरल्या. परंतु धागा हा कायद्याच्या चिमटीतून सहज निसटणारा पदार्थ आहे. तो रोखावयाचा, तर घराच्या उंबऱ्यापाशीच रोखला पाहिजे. दोरी, पोत्याचे सूत, भेटवस्तूची चकचकीत फीत किंवा मांजा टाकून देण्यापूर्वी त्याचे बोटभर लांबीचे तुकडे करून ते बंद केरात टाकावेत. धागा आखूड झाला, की त्याचा वेढा बसत नाही. फाटलेले जाळे तलावाच्या काठी टाकून न देता परत आणावे. लग्नकार्यात किंवा रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकानंतर मैदान झाडून घेतले, आणि पंगतीला पळसाच्या पानांच्या पत्रावळी पुन्हा आल्या, तर पाखरांच्या वाट्याला येणारे सामान आपोआप बदलेल. मात्र पिल्ले किंवा अंडी असलेल्या घरट्याला हात लावून त्यातला केर काढण्याचा मोह आवरावा. तशाने पाखरू घरटे सोडून जाण्याचा संभव असतो.

आरमोरीच्या झाडांवर अजूनही टसरचा किडा आपल्या धाग्याने कोश विणतो, आणि सुगरण धानाच्या पात्याने घर विणतो. दोघांच्याही विणकामाचे आयुष्य त्यांच्या गरजेपुरतेच असते. गरज सरली, की ते मातीला परत जाते. माणसाने त्यांच्यापासून विणण्याची कल्पना घेतली आणि धागा मात्र न कुजणारा काढला. तो धागा आता नाहीसा करता येणार नाही, परंतु तो कोठे टाकावयाचा, हे अद्यापि माणसाच्याच हाती आहे. पुढल्या उन्हाळ्यात वैनगंगेच्या काठी कावळा काटक्या वेचू लागेल, तेव्हा त्याच्यापुढे काय पडलेले असेल, हे आज घराघरांतून टाकल्या जाणाऱ्या केरावर अवलंबून राहील.